चमचाभर झरा

शहिस्तानं झऱ्याचं पाणी तिसऱ्यांदा मशीनवर लावलं, तरी आकडे तेच आले. देहूरोडजवळच्या त्यांच्या लॅबमध्ये मावळातल्या झऱ्यांची तपासणी चालली होती. कुठल्या पाण्यात कॅल्शियम किती, लोह किती, ते पाहायचं. बाकीचे झरे शहाण्या मुलांसारखे वागले. पवन मावळातल्या, म्हणजे शहिस्ताच्या अम्मीच्या माहेरच्या झऱ्यात मात्र सोडियम आणि पोटॅशियम भलतंच निघालं. काळ्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्याला ते शोभणारं नव्हतं.

साहेबांनी आधी शहिस्ताला झापलं, मग मशीनला. पुण्याहून दुरुस्तीवाला आला, मशीन उघडून बसला आणि ते ठणठणीत असल्याचं सांगून गेला. मग साहेबांचा सूरच बदलला. झरा औषधी असणार, असं त्यांनी वडगावला कुणाला तरी फोनवर सांगितलं. झालं. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला की लोक कॅन घेऊन झऱ्यावर जमलेत, आणि हे पाणी प्यायचं की गुडघ्याला चोळायचं, असं विचारतायत.

तेव्हा शहिस्ताला फ्रीजमधल्या बाटल्या आठवल्या. अम्मी गेली तेव्हा लोणावळ्याच्या घरी फ्रीजच्या दारात दोन सारख्याच बाटल्या होत्या. एक शहिस्तानं तपासणीसाठी भरून आणलेली झऱ्याची. दुसरी काकांनी हजहून आणलेल्या पवित्र झमझम पाण्याची, शेवटच्या घडीला तोंडात घालायला जपून ठेवलेली. अम्मीचा श्वास अडकू लागला तशी शहिस्ता डॉक्टरांना आणायला धावली, आणि अब्बांनी घाईघाईत एक बाटली काढून अम्मीला चमच्यानं पाणी पाजलं. चाळिसावा झाल्यावर शहिस्तानं न उघडलेली बाटली लॅबमध्ये नेली. आता तिनं घरच्या उघड्या बाटलीतलं पाणी गुपचूप तपासलं, तर त्यात अम्मीचं माहेर निघालं, लोहासकट. लॅबमध्ये गेली होती ती झमझमची बाटली.

अब्बांना सांगायचं कसं? निजामभाई बायकोच्या मागं पार खचले होते. शमीमच्या तोंडात झमझम पडलं, एवढंच ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या एका समाधानावर त्यांच्या घशाखाली घास उतरत होता. पण तिकडे लोक झऱ्याला नारळ वाहू लागले, तेव्हा शहिस्ताला खरं बोलणं भाग पडलं.

निजामभाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. आपण बापाला जिवंतपणी मारलं, असं वाटून शहिस्ता रडायला लागली.

"मला वाटलं, ती भ्रमात बोलती," निजामभाई म्हणाले.

"अम्मी बोलली? काय बोलली?"

"घोट घेतला आन म्हनली, 'ह्ये आमच्या झऱ्याचं हाय.' मी म्हनलं, झमझम हाय, गुमान कलमा पढ. तर मान हलवून म्हनती, 'न्हाई, आमचंच.'" त्यांनी ताट बाजूला सारलं. "जन्मभर मी तिचं बोलनं खोडून काढलं, शहिस्ता. मरतानाबी ऐकलं न्हाई."

मग ते उठले. फ्रीजमधली उघडी बाटली काढून घोटभर पाणी प्यायले, आणि शमीमच्या रिकाम्या खाटेपाशी जाऊन बसले.

"व्हय," ते हळूच म्हणाले. "तुमचंच हाय."