रोबोटची बायपास आणि छातीभर पट्टी

पुंडलिकरावांनी बायपास करून घेतली होती, आणि तीही रोबोटकडून! अख्ख्या पिपरी मेघेत असा दुसरा माणूस दाखवा! नागपूरच्या डॉक्टरांनी बाजूच्या मशीनवर बसून रोबोटचे हात चालवले, छातीचं हाड न कापता काम उरकलं आणि महिन्याभरात पुंडलिकराव गल्लीत ताठ मानेनं फिरू लागले.

घोटाळा झाला तो बायकोचे मोठे भाऊ नत्थूजी समुद्रपूरहून मुक्कामाला आले तेव्हा. नत्थूजींची बायपास दहा वर्षांपूर्वीची, जुन्या पद्धतीची.

पुंडलिकरावांनी ऐटीत सदरा वर केला. डाव्या बरगड्यांवर टिकलीएवढे तीन डाग आणि बोटभर चीर.

"हे व्हय बायपास?" नत्थूजींनी चष्मा पुसला. "जवाईबुवा, मच्छर चावला तरी याच्यापेक्षा मोठं दिसते!"

आणि त्यांनी स्वतःची बटणं सोडली. गळ्यापासून पोटापर्यंत हायवेसारखा सरळ व्रण! शेजारच्या बाया "अवं माय!" म्हणाल्या. चहाचा पहिला कप नत्थूजींना गेला!

दुसऱ्या दिवशी पवनारचे पाहुणे येणार होते. पुंडलिकरावांनी मेडिकलमधून कापूस आणि चिकटपट्टी आणली आणि दार लावून छातीभर उभ्या-आडव्या पट्ट्या मारल्या.

पाहुणे आले. सदरा वर झाला. पुंडलिकराव डोळे मिटून हळूच कण्हले. पाहुण्यांनी हातच जोडले! काय तो मान!

एवढ्यात बायको रुख्माबाई पोहे घेऊन आल्या. ताटली हातातून खाली!

"अवो, सकाळी तं काईच नव्हतं! टाके उसवले काय? अन् मले सांगतलंही नाई!"

"तसं नाई वं..."

"बोलू नका! दादा, गाडी बोलवा!"

शेजारच्या प्रेमदासच्या गाडीत रुख्माबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. खरं सांगून टाकावं, असं पुंडलिकरावांना दहादा वाटलं. पण पुढच्या सीटवर नत्थूजी बसले होते!

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजी काढला. सगळं ठणठणीत! मग जखम पाहायला नर्सनं पट्टीचं टोक धरलं.

"सिस्टर, जरा हळू..."

"डोळे मिटा, काका."

खर्रर्र! ऑपरेशनला भादरलेल्या छातीवर महिन्याभरात पुन्हा उगवलेलं केसांचं सगळं पीक मुळासकट निघालं. पुंडलिकरावांची आरोळी बस स्टँडपर्यंत गेली असावी!

बाहेर बाकावर रुख्माबाईंशेजारी बसलेले नत्थूजी ताडकन उभे राहिले.

"बाई," ते चष्मा पुसत म्हणाले, "केवढं दुखणं सोसून राह्यला होता हा माणूस! अन् मी हासलो!"