विलायती आप्पाचा पटका

आमच्या खासबागेच्या वस्तीत बायकांसमोर डोक्यावरचा पटका काढणारा पुरुष एकच होता, आणि तो लांबून दिसला की आम्ही बायका पदर सावरत घरात पळायचो. नाव परशरामआप्पा, पण गल्ली त्याला विलायती आप्पा म्हणायची. क्यांपातल्या, म्हणजे गोऱ्यांच्या छावणीतल्या, एका साहेबाचा हा खानसामा. साहेबाबरोबर विलायतेला गेला, सहा वर्षं राहिला आणि ही खोड घेऊन परत आला. तिकडं म्हणे पुरुष बाईमाणसाला बघून टोपी उचलतात. उचलू देत की! पण आप्पाकडं टोपी कुठली? त्याचा तो भलामोठा पटका! पाटी उतरवावी तसा तो दोन्ही हातांनी उतरवायचा, वाकायचा आणि पुन्हा डोक्यावर चढवायचा.

आता आमच्याकडं कुणी दारात येऊन पटका उतरवला की त्याचा अर्थ एकच. माणूस गेलं. पुढं काही सांगावंच लागत नाही. परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आप्पानं कोपऱ्यावरच्या तुळसाक्काला असा नमस्कार केला. तिचा लेक नेमका बेळगुंदीला गेलेला. म्हातारीनं जी छाती पिटायला सुरुवात केली, अर्धी गल्ली गोळा झाली.

आप्पा घाबरून म्हणतोय, "सारी, आक्का, सारी!"

"साडी नगं रं मला, मुडद्या! माझं प्वार कुठं हाय सांग!"

प्वार संध्याकाळी रताळ्यांचं पोतं घेऊन हसत घरी आलं. तुळसाक्कानं आधी त्याला चार धपाटे घातले आणि मग आप्पाला शोधत निघाली.

पण सुधारेल तो आप्पा कसला? "तिकडं असं नसतंय बघा," हे त्याचं पालुपद. तिकडं दार वाजवल्याशिवाय कुणी आत येत नाही, म्हणून हा स्वतःच्या उघड्या दारावर टकटक करत उभा राही. तिकडं भेटल्यावर आधी हवेचं बोलतात, म्हणून हा शेजारच्या म्हाताऱ्याला रोज सांगायचा, "आज ऊन पडलंय." म्हातारा म्हणायचा, "मला दिसतंय की रं. आंधळा झालोय व्हय मी?" ट्रंकेतनं काय आणलं होतं? एक काटा आणि एक लोकरीचा गळपट्टा. तो काटा भाकरीत खुपसायचा आणि भाकरी तुटून ताटाबाहेर. लोक विलायतेला जाऊन बॅरिस्टर होऊन येतात, आणि आमच्या ह्या बाबाची सहा वर्षं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी तोंडावर म्हटलंसुद्धा त्याला. तो नुसता हसला.

त्याची बायको गंगाक्का माझी भिंतीला भिंत लावून शेजारीण. ती मात्र त्याच्याशी चकार शब्द बोलत नसे. तिचं तरी काय चुकलं? त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची पद्धत नव्हती. आप्पा रोज क्यांपात जायचा तसाच निघाला आणि गेला तो विलायतेला! तिला कळलं मागनं, पाणवठ्यावर. सहा वर्षांनी दिवेलागणीला दारात कुणी कोटवाला माणूस उभा राहिला आणि त्यानं गुमान पटका उतरवला. गंगाक्का जागीच कोसळली. शुद्धीवर आल्यावर समजलं, नवरा मेला नाही, नवराच आलाय. तेव्हापासनं ती बोलायची मांजराशी. "मांजरा, भाकरी निवत्यात म्हणावं." आणि आप्पाही मांजरालाच सांगायचा, "आलो म्हणावं." तंबाखू आणायला निघाला तरी तिच्यासमोर पटका काढायचा. ती तोंड फिरवायची.

एक दिवस विलायतेहून साहेबाचं पुन्हा बोलावणं आलं. ट्रंक टांग्यात चढली. आता आप्पाचा शेवटचा पटका बघायला मिळणार म्हणून आम्ही सगळे ओठ दाबून उभे. त्याचे हात वर गेले. गंगाक्का चौकट धरून उभी, तोंड पांढरंफटक. आप्पानं तिच्याकडं बघितलं आणि हात खाली घेतले.

"भ्या वाटतंय व्हय गं तुला?"

"मांजरा," गंगाक्का म्हणाली, "सहा वर्षं दाराकडं बघत हुते म्हणावं. कोण येतंय आन् पटका काढून हुबं ऱ्हातंय, ह्याच धास्तीत."

आप्पा मटकन पायरीवर बसला.

"तिकडं एक म्हातारा माळी हुता गं. परड्यातल्या वाफ्याकडं निघाला तरी बायकूला टोपी उचलून सांगून जायचा. रोज बघायचो आन् रोज लाज वाटायची. मी समुद्र वलांडून गेलतो, आन् तुला नुसतं 'येतो' बी म्हटलं न्हवतं. साऱ्या विलायतेतनं मी तेवढंच आणलं बघ."

गल्लीत कुणी हसेना. मला मेलीला तर रडूच फुटलं.

"आप्पा, गाडी चुकंल!" टांगेवाला ओरडला.

गंगाक्का पुढं झाली. चारचौघांसमोर तिनं नवऱ्याच्या पटक्याचं सुटलेलं टोक खोचलं, आणि मांजराला नाही, त्याला म्हणाली, "काढा एकदा. पर माझ्यासमोरच परत घाला."

आप्पानं काढला. घातला. मग टांग्यातली ट्रंक उतरवून घ्यायला निघाला. टांगा दारातच उभा होता, तरी हा बाबा मागं वळला, पुन्हा पटका उचलला आणि म्हणाला, "येतो गं."

गंगाक्का म्हणाली, "या."