पप्पांच्या गिटारीला नवा गळा

विजेचं काहीही बिघडलं तर मला सांगा! नववीच्या विज्ञान प्रदर्शनात खिळ्याला तार गुंडाळून मी अशी घंटा वाजवली, की शिपाईमामांनी शाळा सुटली समजून फाटक उघडलं आणि पाचवीचा अख्खा वर्ग घरी पोचला! त्यामुळे पप्पांच्या गिटारीचा आवाज बसला, तेव्हा डॉक्टर घरातच आहे याची मला खात्री होती. बाकीच्यांना नव्हती. पण त्यांना विचारलंय कुणी!

आम्ही ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहतो. पप्पा कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर. त्यांची गिटार म्हणजे ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका इंजिन ड्रायव्हरने जाताना दिलेली भेट. अर्धी पोकळ, अर्धी भरीव. पोटाला दोन लांबट भोकं आणि तारांखाली दोन पिकअप. पिकअप म्हणजे काय, तर एक चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेचं वेटोळं. वरची तार थरथरली की ते थरथरणं पकडून स्पीकरकडे पाठवायचं, हे त्याचं काम. थोडक्यात, गिटारीचा गळा. आणि आमचा गळा दोन-तीन वर्षं गोधडीतून बोलत होता.

मम्मीचा भाऊ, नॉर्मनमामा, एके दिवशी पप्पांना म्हणालाच, "पायस, माझ्या लिंडाच्या लग्नाला मी कॅसिओवाला सांगितलाय. राग मानू नको रे, पण तू वाजवतोस ते लोकांना कळतच नाही!"

"बरोबर आहे तुझं," पप्पा हसले. घरी येऊन त्यांनी गिटार खिळ्याला टांगली आणि वर टॉवेल टाकला.

आता आमच्या नातेवाइकांत नवरा-नवरीचा पहिला नाच नेहमी पप्पांच्या गिटारीवर होतो. माझ्या मम्मीशी लग्न झालं, तेव्हासुद्धा स्वतःच्या लग्नात पप्पा वाजवत होते आणि मम्मी एकटीच नाचत होती! तो टॉवेल मला बघवेना. मी ठरवलं, पिकअप बदलायचे.

कल्याणच्या वाद्यांच्या दुकानातले काका म्हणाले, "हे घे, दुप्पट तार! आवाज असा, की भिंती हलतील!"

"भिंती नकोत हलायला. एकेक सूर वेगळा ऐकू आला पाहिजे."

"मग हे घे, मुंबईहून आलेलं."

किंमत ऐकून माझाच आवाज बसला.

मग मी डोकं लावलं. जास्त तार म्हणजे आवाज मोठा, पण गढूळ. कमी तार म्हणजे आवाज लहान, पण स्वच्छ. मग जुन्याच चुंबकांवर कमी तार गुंडाळली तर? पप्पा ड्यूटीवर गेल्यावर मी दोन्ही पिकअप काढले, मम्मीच्या लाडवांच्या डब्यात घातले आणि सायकल हाणली ती थेट मानपाड्याला. तिथे शिवरामकाका कारखान्यांच्या मोटरी आणि घरांचे पंखे भरून देतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतात.

"एवढासा पंखा?" काकांनी चष्मा वर केला.

"गिटारीचा आहे. तार थोडी कमी गुंडाळा."

"गुंडाळली असं समज! आणि वार्निशमध्ये बुडवायचं काय?"

"नको, नको! आवाज दबेल!"

"तसंही हे फिरत नाही, तापत नाही. कशाला फुकट वार्निश?" काका म्हणाले. आम्ही दोघे विद्वान एकमेकांकडे बघून समाधानाने हसलो.

पप्पा ड्यूटीवरून आले तेव्हा मी गिटार आमच्या जुन्या रेडिओला जोडून, शेजारच्यांची रात्रपाळी असल्यामुळे अगदी हळू, वाजवत होते. माठात थेंब पडावा तसा एकेक सूर! पप्पा डबा हातात धरून दारातच उभे राहिले. बूटही काढले नाहीत. मम्मी त्यांना बुटांवरून बोललीसुद्धा नाही!

मामाने ऐकलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "बरं. पहिला नाच तुझा."

लग्नाच्या संध्याकाळी मंडपवाल्या चंदूने गिटार थेट आपल्या भल्यामोठ्या स्पीकरांना जोडली. तार जुळवताना पप्पा गिटारीच्या पोटाला गाल लावतात. तसा लावला, आणि त्यांचं पुटपुटणं मंडपभर घुमलं, "नॉर्मनचा सूट भाड्याचा दिसतोय. काखेत उसवलाय."

सगळ्या माना मामाच्या काखेकडे!

"माइक बंद कर!" मामा ओरडला. चंदूने माइक बंद केला.

"अरे वा, भात वाढायला घेतला वाटतं," स्पीकर म्हणाला.

चंदूने घाबरून माइक काढून हातात घेतला. मी धावत स्टेजवर गेले आणि पप्पांच्या कानाशी वाकले. "पप्पा, गप्प बसा!"

"पप्पा, गप्प बसा!" मंडप घुमला.

आणि माझ्या डोक्यात माझीच घंटा वाजली. वार्निश! वार्निशने न चिकटवलेली पिकअपची तार माणसाच्या बोलण्यानेही थरथरत होती. मी गिटारीला गळा दिला होता, आणि वर कानही!

तोवर मम्मी आली. "अहो, काय चाललंय? लोक हसतायत!" तेही दोनशे माणसांनी ऐकलं.

पप्पांनी चंदूच्या हातातला माइक पाहिला. त्यांना वाटलं, संपलं संकट. गिटारीवर ओणवून ते मला हळूच म्हणाले, "हसू दे गो. तुला सांगू, बाय? मला वाटायचं, माझी बोटंच गेली. शेडमध्ये हातोडा मारून मारून संपली. म्हणून टांगली मी ती. तुझ्यामुळे आज मला माझी बोटं परत ऐकू आली."

हेही स्पीकरांतून सगळ्यांनी ऐकलं, आणि वाढप्यांनी भाताची पातेली खाली ठेवली.

"काय झालं?" पप्पांनी मान वर केली.

मामा स्टेजवर चढला. त्याने पप्पांना मिठी मारली, गिटारीसकट. टर्रर्र! काख पार गेली, आणि तीसुद्धा मंडपभर ऐकू आली.

मग पप्पांनी वाजवलं. ओठ घट्ट मिटून! एकेक सूर शेवटच्या रांगेतल्या आजीपर्यंत पोचला. लिंडा नाचली. मामा एक हात खाली दाबून नाचला. आणि या वेळी मम्मीला एकटं नाचावं लागलं नाही. मी होते ना!

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "पप्पा, काढा ते पिकअप. वार्निश लावून आणते."

"हात लावशील तर बघ," पप्पा म्हणाले.

तर सध्या गिटार आमच्या बैठकीच्या खोलीत रेडिओला जोडून उभी असते. मम्मी मला ओरडण्याआधी रेडिओ बंद आहे ना, ते बघून घेते.

म्हणून मी तो बंदच करत नाही!