घड्याळजींसाठी एक नातेवाईक

"पोटात काही ढकलण्याआधी कुणाच्या तरी उपयोगी पड!" आमच्या सासूबाई सांगायच्या. त्या गेल्या, पण ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसवून गेल्या. मी त्याचं व्रतच केलं. सकाळचा जप झाला की रोज एकाचं तरी काम करायचं, मगच जेवायचं.

त्यामुळे वाचनालयात 'आपलं कूळ शोधा' म्हणून फुकट मदतीचं टेबल मांडलं, तेव्हा हात वर करणारी पहिली मी! रोज एकाला एक पूर्वज काढून दिला की व्रत फत्ते. कुणाचे पणजोबा, कुणाची हरवलेली आत्या, तासाभरात हजर! आमचे हे म्हणायचे, "घरात माझा चष्मा सापडत नाही, आणि लोकांचे खापरपणजोबा बरे सापडतात!" मी नुसती हसायची. गर्व चढतो तो असा, गुपचूप.

त्या सोमवारी समोरच्या दुकानातले घड्याळजी आले. अनाथाश्रमात वाढलेला एकटा जीव.

"एक नातेवाईक हवाय," पावशेर साखर मागावी तसं म्हणाले.

"किती जवळचा?"

"कसाही चालेल. गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत आपलं माणूस नसेल तर करणार नाहीत म्हणे. मला आता काटेच दिसेनासे झालेत हो!"

मी कामाला लागले. ना गाव ठाऊक, ना आईबापांची नावं. दुपार टळली. पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, भांडत होते! आणि माझी नजर भिंतीवरच्या जुन्या फोटोवर गेली. गल्लीतल्या बेकरीचा फोटो. खालच्या पाटीप्रमाणे मधल्या खुर्चीत बेकरीचे संस्थापक, कपाला असावेत तसे कान. मी घड्याळजींकडे पाहिलं. तेच कान! भुकेल्याला ढगातही पाव दिसतो. मला कानात कूळ दिसलं.

"अहो, तुम्ही तर बेकरीवाल्यांचे!" मी जाहीर केलं आणि घरी जाऊन पोटभर जेवले.

आताचा बेकरीवाला म्हणजे लोण्याचा गोळा. "काका!" म्हणून त्याने घड्याळजींना मिठी मारली, ऑपरेशनला येतो म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी त्यांना घरी राहायला नेलं. मी मनातल्या मनात सासूबाईंना नमस्कार केला.

बुधवारी बेकरीवाला माझ्या टेबलापाशी.

"बाई, काका परत घेता का?"

"अहो, असं काय बोलता!"

"त्यांनी चाचपून चाचपून घरातली सगळी घड्याळं दुरुस्त केली! वर्षानुवर्षं आमच्याकडे कुणाला वेळ कळत नव्हती, सुखात होतो! आता बायको विचारते, इतका वेळ होतात कुठे? वर काका हात फिरवून म्हणतात, तुमचा पाव एका बाजूला कललाय!"

"रक्ताच्या माणसाबद्दल..." मी सुरुवात केली.

"कसलं रक्त?" ग्रंथपालबाई कपाटामागून डोकावल्या. "त्या फोटोतला मधला? तो संस्थापक नाही हो! ते त्या दिवशी तापाने पडले होते. खुर्ची रिकामी दिसेल म्हणून फोटोवाल्याने आपल्या मेहुण्याला बसवलं. पाटी कधीची बदलायची राहिलीय."

बेकरीवाल्याचा चेहरा भट्टीतून निघाल्यासारखा फुलला. "म्हणजे आमचे नाहीत! घरी सांगतो!" मी 'अहो थांबा' म्हणेपर्यंत गडी पसार.

"मग त्या मेहुण्याचं कुणी...?" मी आशेने विचारलं.

"निपुत्रिक."

संध्याकाळी दुकानात गेले. भिंतभर घड्याळं माझ्यावर टिकटिकत होती. घड्याळजी भिंग लावून रिकाम्या टेबलाकडे बघत बसले होते.

"माझं चुकलं हो..."

"कळलं. त्याची बायको माझी पिशवी आणून देऊन गेली." मग म्हणाले, "काल रात्री ती माझ्यावर ओरडली. 'काका, हात धुऊन बसा!' म्हणून. जन्मात मला असं घरातल्यासारखं कुणी ओरडलं नव्हतं."

"मग उद्याचं?"

"उद्याचं काय! रद्द."

"मी येते."

"तुम्ही माझ्या कोण?"

"कुणी नाही. पण मीही ओरडेन की!"

भिंग काढून ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही? तुमचा आवाज शेजारच्या खुर्चीला ऐकू येत नाही!"

"प्रयत्न करते."

"बरं. पण सहा म्हणजे सहा! आणि तिथे जप पुटपुटायचा नाही, मला घाबरायला होतं." म्हणजे पाहा! उपकार मी करायचे आणि अटी यांच्या!

गुरुवारी पहाटे उठले. जप उरकला, चपला हातात घेऊन पाय न वाजवता दाराशी गेले. पांघरुणातून आवाज आलाच, "आज कुणाचे पणजोबा उठवायला निघालीस?" मी दार ओढून घेतलं.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. म्हटलं, एकदा सराव करून बघावा. छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "हात धुऊन बसा!"

कट्ट्यावर झोपलेल्या मांजराने कूससुद्धा बदलली नाही.