परबांची मिशी आणि जावाची राख

परब आमच्याकडे चहाला आले की आधी दाराखालच्या फटीपाशी कागदाचा कपटा धरायचे. कपटा हलला की चहा थांबायचा आणि फटीत ओला टॉवेल जायचा. "जंय वारो शिरता, थंय धूळ शिरता," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

परब मूळचे कुडाळचे. बिऱ्हाड तिकडे आणि इकडे ओमानमध्ये बरक्यात ते एकटे, सोबतीला गालांवर पसरलेली मिशी. मार्बलच्या कारखान्यात ते सेफ्टी सुपरवायझर. त्या मिशीवर मास्क बसत नाही म्हणून कापणीच्या खोलीत स्वतः कधी पाऊल टाकत नसत, काचेबाहेरून ओरडायचे. मिशीला हात लावायची मुभा अर्बाबला, म्हणजे मालकालाही नव्हती.

दहावीनंतर आमच्या सईने जिवंत ज्वालामुखी बघायचा हट्ट धरला. इंडोनेशियातल्या जावाची सहल ठरली, पण राखेच्या धास्तीने बायकोने "खालूनच बघायचं" असं फर्मान काढलं. सईने आठ दिवस तोंड फुगवलं. शेवटी परब म्हणाले, "वैनी, चेडवाक वर मी घेऊन जातंय. मी सांगेन तिथून मागे फिरायचा."

मग महिनाभर आमच्या हॉलमध्ये तालीम. मास्कचा एक पट्टा कानांच्या वरून, एक खालून. कॉन्टॅक्ट लेन्स बंद, घट्ट गॉगल, पूर्ण बाह्या. डोळ्यात राख गेली तर चोळायची नाही, पाण्याने धुवायची. मी हसलो की मला पुन्हा पहिल्यापासून.

निघायच्या दिवशी मस्कतच्या विमानतळावर परब आले आणि आम्ही जागीच थबकलो. मिशी नव्हती. आपल्याकडे घरात कुणी गेल्याशिवाय मिशी कोण उतरवतं? बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "कधी झालं?"

"काय जाला? मास्क बसणा नाय म्हणान काढलंय."

जावात बायको खालीच थांबली आणि परबांच्या, माझ्या पुढे सई विवराच्या कडेपर्यंत पोचली. आत डोकावली आणि आमच्याकडे वळून तिने दोन्ही हात उंचावले. दहाच मिनिटांत वारा फिरला, राख भुरभुरायला लागली. रुमाल बांधून आलेली मंडळी खोकत होती, डोळे चोळत होती. "यल्ला, खलास! चला, पुरे झाला," म्हणत परबांनी सईचा हात धरला आणि जादा आणलेले मास्क वाटेत अनोळखी लोकांना वाटत सगळ्यांना खाली आणलं.

खाली चहाच्या टपरीवर बायकोने सईचा मास्क उलटा करून पाहिला. आतून पांढराशुभ्र.

"भावजी, जिंकलात तुम्ही," ती म्हणाली.

परब लाजले. मी म्हटलं, "पण तीस वर्षांची मिशी, परब."

त्यांनी उघड्या ओठावरून बोट फिरवलं. "बापूस गेलो तेव्हा रजा नाय गावली. मी बरक्यातच होतंय. तेव्हापण काढूक नाय. गेलेल्याक तिचो काय उपेग? ह्या चेडू जिता आसा, ह्याच्याबरोबर वर जावचा होता."

परबांनी आपली बशी उचलली आणि राख पडू नये म्हणून सईच्या चहावर झाकली.