परमपूज्य मोठे मालक मार्ग

नगरपालिकेत रस्त्यांना नावं देण्याचं टेबल माझ्याकडे आहे, आणि आजवर माझ्या टेबलावरून एकही भांडण वर गेलेलं नाही! याचं कारण, मी फुलं आणि दिशा यांच्यापलीकडे जातच नाही. गुलाब मार्ग, पूर्व मार्ग, उत्तर गुलाब मार्ग. गुलाबाविरुद्ध मोर्चा कोण काढणार?

पण एक दिवस साहेबांनी बोलावलं.

"वरून आदेश आलाय. बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्यांचा सांस्कृतिक वारसा रस्त्यांच्या नावांत दिसला पाहिजे. सुरुवात तुमच्याच गल्लीपासून करू. अर्धी गल्ली डोंगरापलीकडची ना?"

खरं होतं. समोरचे इस्त्रीवाले दादा, कोपऱ्यावरचा सुतार, आमच्या घराखालच्या शिंपीणताई, सगळे एका पिढीपूर्वी डोंगर ओलांडून आलेले.

"नगराध्यक्ष स्वतः पाटीवरचा पडदा ओढणार आहेत," साहेब म्हणाले. "नीट पार पडलं तर हेडक्लार्क तुम्ही. घोळ झाला तर कोंडवाडा."

कोंडवाडा म्हणजे मोकाट गुरं डांबायची जागा. तिथल्या आधीच्या कारकुनाला म्हशीनं उचलून आपटल्यापासून तो रजेवरच आहे.

"काम झालंच समजा साहेब," मी छाती फुगवून म्हणालो.

घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणते, "त्यांनाच विचारा की कोणतं नाव हवंय ते."

"विचारलं की भांडणं सुरू. मी असं काढून घेतो की त्यांना पत्ताही लागणार नाही. पडदा उघडला की एकदम आनंदाचा धक्का!"

"तुमचे धक्के मी लग्नापासून खातेय," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

मी आधी इस्त्रीवाल्या दादांना गाठलं. "दादा, तुमच्या मुलखातला असा कोण माणूस, की ज्याला तुम्ही जन्मात विसरणार नाही?"

दादांची इस्त्री जागच्या जागी थांबली. "मोठे मालक," ते हळू आवाजात म्हणाले. शर्टातून धूर निघायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. शर्ट माझाच होता, पण अशा क्षणी शर्टाचं काय घेऊन बसायचं?

सुतारानं रंधा खाली ठेवला. "मोठे मालक. दुसरं कोण असणार?" एवढं बोलून तो जमिनीकडे बघत राहिला.

शिंपीणताईंनी दातानं दोरा तोडला. "मोठे मालक," त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत विसरायची नाही मी." त्यांचे डोळे भरून आले होते.

"त्यांचं पूर्ण नाव काय हो?"

"नाव घ्यायची कुणाची छाती होती? मालक म्हणायचं आणि मान खाली घालायची."

काय ही भक्ती! आमच्या कचेरीत चहा कधी यावा यावर कुणाचं जमत नाही, आणि इथे अख्ख्या गल्लीचं एकमत! मी तडक पाटी रंगवायला टाकली. आमच्याकडे पाटी आधी होते आणि ठराव मागाहून, कारण रंगाऱ्याला उशीर लागतो, हात वर करायला लागत नाही. नुसतं 'मोठे मालक' उघडंबोडकं दिसेल म्हणून आधी 'परमपूज्य' जोडलं. खाली बारीक अक्षरांत लिहून घेतलं, 'डोंगरापलीकडील बांधवांच्या लाडक्या दैवतास सप्रेम.'

नगराध्यक्षांनी पडदा ओढला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी वाजवल्या, मी तर दुप्पट वाजवल्या. इस्त्रीवाल्या दादांनी पाटी दोनदा वाचली. शिंपीणताई मटकन पायरीवर बसल्या.

"भाऊ, हे कुणी लिहिलं?"

"मीच," मी लाजत म्हणालो.

"ऐन थंडीत आमच्या घरांची छपरं उतरवली त्यानं. तान्ह्या भावाला पदराखाली घेऊन माझी आई तो डोंगर चढली. आणि तुम्ही त्याला आणून माझ्या दारावर टांगलात?"

"बाई काय म्हणताहेत?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"भारावून गेल्यात," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत मला म्हैस स्पष्ट दिसली.

दुसऱ्या दिवसापासून शिंपीणताईंनी पुढचं दार लावून घेतलं. त्या पाटीखालून पाऊल टाकणार नव्हत्या. मागच्या गटाराकडेच्या बोळातून नाक दाबून जात-येत. गिऱ्हाईक यायचं, बंद दार बघायचं आणि दुसरा शिंपी शोधायचं. त्यांचं दुकान माझ्यामुळे बुडत होतं, याचं मला मनापासून वाईट वाटत होतं. बायको जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. इस्त्रीवाले दादा माझे कपडे दिले होते त्याहून चुरगाळून परत पाठवायचे.

मी साहेबांच्या हातापाया पडलो. ते म्हणाले, "नगराध्यक्षांनी उघडलेली पाटी मी कशी उतरवू? गल्लीचा सह्यांचा अर्ज आणा. तो आला तर पाटीही जाईल आणि तुम्हीही वाचाल. नाही आला तर सोमवारी कोंडवाड्यात हजर व्हा."

मी अर्ज लिहून धावतच गल्लीत शिरलो. बघतो तर शिंपीणताईंचं पुढचं दार सताड उघडं! मशीन खडखडत होतं आणि दुकानात अर्धी गल्ली जमली होती.

"ताई, एवढी सही करा. पाटी आजच उतरवतो."

"नको. राहू दे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तेव्हा सुतार म्हणाला, "काय झालं, परवा कचऱ्याची गाडी आली. बघता बघता मोठ्या मालकांच्या अंगावरून या टोकाकडून त्या टोकाकडे गेली. फार बरं वाटलं."

"मी तर मुद्दाम पाय आपटत येतो," इस्त्रीवाले दादा म्हणाले.

ताईंनी मशीन थांबवलं. "भाऊ, तिकडे होतो तोवर त्यानं आम्हाला तुडवलं. पहिल्या दिवशी या रस्त्यावर माझा पाय पडेना. आज काम नसताना दोनदा बाजारात जाऊन आले." आणि त्या चक्क हसल्या. "ते परमपूज्यसुद्धा असू दे. तुडवायला बरं पडतं."

माझ्या डोक्यावरून म्हैस उतरली! लोक खूश आहेत म्हटल्यावर साहेब कशाला बोलतील? मी सगळ्यांचे आभार मानून निघालो, तर ताईंनी हाक मारली.

"थांबा. आम्हीच एक अर्ज केलाय, तो कचेरीत द्या. तुमच्यामुळे मी ज्या गटाराकडेच्या बोळातून जात होते ना, त्याला अजून नाव नाही. तुमचं द्यायचं ठरलंय."

"माझं?"

"मी इतके दिवस त्यातून गेले. तुमची आठवण राहायला नको?"

अर्ज घेतला. खाली सगळ्या गल्लीच्या सह्या होत्या. त्यातली पहिली आमच्या हिची होती.