कोंबडीच्या कवितेतली जादा मात्रा

बोली जिवंत ठेवायची तर तिची अधूनमधून सरकारी तपासणी झालीच पाहिजे, याबद्दल सुज्ञांत दुमत नाही. म्हणूनच १९५८ साली छंदनिरीक्षक दीनानाथराव परतूरहून मोटारीनं वाटूरला उतरले.

उतरताच काव्य सापडलं. गोजरबाई दारात उभी राहून सगळ्या गावाला ऐकवत होती:

लाल कोंबडी माझी गेली,
द्वारकाबाईनं ती नेली!

दीनानाथरावांनी तिच्याच ओट्यावर बसून विवेचन केलं. 'गेली-नेली' हे यमक. अलंकार स्वभावोक्ती. रस करुण (कोंबडीच्या बाजूनं भयानक). वृत्त पादाकुलक, म्हणजे ओळीला सोळा मात्रा. पहिली ओळ बरोबर सोळा, दुसरी सतरा.

"बाई, हिच्यात एक जास्त होतेय."

"व्हयच सायेब, जास्तच करून राह्यली ती!"

सखोल विचारांती त्यांनी 'द्वारकाबाईनं' खोडून 'झुंबरबाईनं' केलं. झुंबरबाई शेजारीण होती, कोंबडीच्या वाटेला कधी गेली नव्हती, पण प्रत्ययासह नेमकी दहा मात्रांची होती.

तपासणीची पुस्तिका ही कविता घेऊन छापून आली. पंच पुंजाराम यांनी छापील अक्षराचा मान राखून झुंबरबाईची कोंबडी उचलली आणि गोजरबाईच्या हाती दिली. (द्वारकाबाईनं या निकालाचं जाहीर स्वागत केलं.)

गोजरबाई कळवळली. "आवो, ही न्हाई चोर! ती दुसरी!"

"कविता कुनाची?"

"माझीच."

"मंग?"

झुंबरबाई रडत रडत परतूरला गेली आणि निरीक्षकांच्या टेबलापुढं उभी राहून म्हणाली, "मी कोंबडी न्हाई नेली!"

दीनानाथरावांनी बोटांवर मात्रा मोजल्या. "पंधरा. एक कमी पडते, बाई. असा जबाब ग्राह्य धरता येत नाही."

झुंबरबाईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि टेबलावर मूठ आपटली. "मी कोंबडी न्हाईच नेली!"

"सोळा!" दीनानाथराव आनंदानं उभे राहिले. "निर्दोष!"

तिची कोंबडी त्याच दिवशी सन्मानानं परत झाली. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती छापखान्यात आहे. दुसऱ्या ओळीतली जागा मात्र अजून रिकामी आहे. 'पुंजारामानं' हेही दहाच भरतं, त्यामुळे पंच हल्ली सही 'पुंजारामजी' अशी करतात. द्वारकाबाईचा विचार अर्थातच होऊ शकत नाही.

तरी वाचकांनी आपापलं नाव प्रत्यय लावून तपासून घ्यावं. (आपण मोजायला सुरुवात केलेली दिसते. निर्दोष माणूस सहसा मोजत नाही.)